चाळीस ग्रॅम

हेमा परचुरे बाईंसमोर "दगड जड असतो" असं म्हणायची सोय नव्हती. बाई लगेच भुवया चढवून विचारायच्या, "कशापेक्षा?" दुसरीतली सात वर्षांची पोरं गोंधळून एकमेकांकडे बघायची. मग कोणीतरी धीर करून म्हणायचं, "पिसापेक्षा." "हां. मग तसं पूर्ण बोला." सव्वीस वर्षं बाई सदाशिव पेठेतल्या त्या मराठी शाळेत दुसरीला शिकवत होत्या आणि सव्वीस वर्षांत त्यांनी शेकडो पोरांना ही एक खोड लावून दिली होती. त्यांच्या हाताखालून गेलेली कितीतरी पोरं आता हिंजवडीला संगणकापुढे बसत होती. रस्त्यात दिसली की पाया पडायची, "बाई, तुमच्यामुळे गणित आवडायला लागलं" असं म्हणायची, आणि स्वतःच्या पोरांना मात्र पिवळ्या बसमध्ये बसवून इंग्रजी शाळेत पाठवायची.

त्यामुळे दर मे महिन्यात बाईंना पोरं गोळा करत फिरावं लागे. वर्गाचा पट वीसच्या खाली घसरला की तुकडी बंद होणार आणि तुकडी बंद झाली की शिक्षक अतिरिक्त ठरणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. उन्हातान्हात छत्री घेऊन बाई बांधकामांवर जायच्या, वॉचमनच्या खोल्यांत डोकवायच्या, "मुलगी किती वर्षांची? शाळेत घातली का?" असं विचारत हिंडायच्या. हे काम त्यांना मनातून लाजिरवाणं वाटायचं, पण त्या करायच्या.

अपेक्षा त्यांना अशीच सापडली, आणि तीही शाळेच्या अगदी कोपऱ्यावर. वैजनाथ नावाचा हिंगोलीकडचा एक माणूस पेठेत हातगाडीवर भाजी विकायचा. राहायला कात्रजला. पहाटे मार्केट यार्डातून माल टेम्पोत टाकायचा, पेठेतल्या बोळात लावून ठेवलेल्या गाडीवर रचायचा आणि दुपारपर्यंत गल्ल्यागल्ल्यांतून फिरायचा. त्याची मुलगी गाडीशेजारी गोणपाटावर बसून मेथीच्या जुड्या बांधायची. बाई त्याच्याकडूनच भाजी घ्यायच्या.

"ही शाळेत का नाही?" बाईंनी एकदा विचारलं.

"गावाकडं पहिली झालीय तिची, बाई. हितं कोण घेतंय?"

"मी घेते. जूनपासून पाठवा. तुमच्याबरोबर सकाळी येईल, तुमच्याबरोबर दुपारी जाईल."

वैजनाथने हातातला दुधी खाली ठेवला आणि बाईंना वाकून नमस्कार केला. पेठेतल्या माणसांना इतका साधा नमस्कार पचत नाही. बाई अवघडून म्हणाल्या, "अहो, भाजी द्या आधी."

या वैजनाथची एक पद्धत होती. गिऱ्हाईक जरा डोळे बारीक करून तराजूकडे बघायला लागलं, की तो काही बोलायचा नाही. वजनाच्या पारड्यात भाजी टाकायचा, भाजीच्या पारड्यात वजन टाकायचा आणि तराजू पुन्हा उचलून धरायचा. "बघा," एवढंच म्हणायचा. पारडी बदलूनही काटा मधोमध राहिला की गिऱ्हाईकाला बोलायला जागाच उरायची नाही. बाईंनी हे कितीदा तरी पाहिलं होतं. त्यांना ते आवडायचं, पण फेरीवाल्याची एक लकब म्हणून. त्यात शिकण्यासारखं काही आहे असं त्यांच्या मनात आलं नव्हतं.

अपेक्षा शाळेत रमली, आणि कशी! पहिला महिनाभर ती कोणाशी बोलली नाही, दुसऱ्या महिन्यात बोलायची थांबेना. पोरं तिच्या बोलण्याला हसायची, तर ती त्यांच्या हसण्याला हसायची. संध्याकाळी कात्रजला गेल्यावर ती आईला, कौशल्याला, समोर बसवून शिकवते आणि आई चुकली की "कशापेक्षा?" असं दटावते, हे वैजनाथने बाईंना सांगितलं तेव्हा बाईंना भरून आलं होतं. इतक्या वर्षांत असं पोर एखाददुसरंच मिळतं.

नोव्हेंबरच्या अखेरीला वजनाचा धडा आला. बाईंचा सगळ्यात लाडका. पहिल्या दिवशी तराजू काढायचाच नाही, हा त्यांचा नियम. डोळे मिटायचे, दोन्ही हात पुढे करायचे. एका हातावर उशी, दुसऱ्यावर दाराचं कुलूप. "मोठं काय? जड काय?" पोरं कुलपाच्या बाजूला झुकायची आणि डोळे उघडून उशीकडे बघत खिदळायची. मोठं असेल ते जड असतंच असं नाही, हे एकदा हाताला कळलं की डोक्याला सांगावं लागत नाही, असं बाई म्हणायच्या.

दुसऱ्या दिवशी तराजू निघाला. जुना, लोखंडी दांडीचा, पितळी पारड्यांचा. गेल्या वर्षी त्याच्या दांडीचं एक टोक कडीपाशी तुटलं होतं. शाळेच्या श्याम शिपायाने दिवाळीच्या सुट्टीत तो एका कारागिराकडून नीट करून आणला होता. बाईंनी तो खुंटीला टांगला, पारडी रिकामी ठेवली आणि पोरांना काटा दाखवला. काटा मधोमध.

"बघितलंत? काही नसताना दोन्ही बाजू सारख्या. म्हणजे तराजू खरा. आता उद्या प्रत्येकाने घरून एक किलोची वस्तू आणायची. आपण तपासू, खरंच किलो आहे का."

दुसऱ्या दिवशी टेबल भरून गेलं. साखरेच्या पिशव्या, रव्याची पाकिटं, कोणी मोठी गूळढेप आणली ती दोन किलोंची निघाली. साखर-रव्याच्या पिशव्या तीस-चाळीस ग्रॅम इकडेतिकडे व्हायच्या की पोरं ओरडायची आणि बाई म्हणायच्या, "सुट्टं बांधलेलं आहे, एवढं चालायचंच." त्या पिशव्या कधी या पारड्यात पडत होत्या, कधी त्या पारड्यात, आणि त्यात फरक कोणता कशाचा हे बघायला कोणाला सवड नव्हती.

अपेक्षाने आणलं होतं वडिलांचं एक किलोचं वजन. सहा कोनांचं, काळं, तळाशी शिशावर शिक्का मारलेलं. धुतलेल्या फडक्यात गुंडाळून, दप्तरात न घालता, पोटाशी धरून तिने ते आणलं. "बाबा आज अर्ध्या किलोचं वजन दोनदा लावून भाजी देणार हेत," ती म्हणाली. सगळ्या वर्गात तिचीच वस्तू अशी होती जी बोलूनचालून वजन म्हणूनच जन्माला आली होती. बाईंनी मुद्दाम ती शेवटी ठेवली होती. शाळेचं किलोचं वजन एका पारड्यात, अपेक्षाचं दुसऱ्यात. दोन्ही बरोबर जुळतील, पोरं टाळ्या वाजवतील, आणि आज या मुलीचा दिवस होईल, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

बाईंनी हात सोडला. शाळेचं वजन खाली गेलं. अपेक्षाचं वर आलं.

बाईंनी पारडं धरून थांबवलं, पुन्हा सोडलं. पुन्हा तसंच. आता इथेच थांबायला हवं होतं. पण सव्वीस वर्षांची मास्तरकी गप्प बसू देईना. फरक आहे म्हटल्यावर तो किती ते मोजायलाच हवं! बाईंनी वीस ग्रॅमचं छोटं वजन अपेक्षाच्या पारड्यात ठेवलं. मग आणखी एक वीसचं. काटा मधोमध आला.

"चाळीस ग्रॅम," बाई म्हणाल्या आणि सवयीने फळ्याकडे वळून त्यांनी लिहिलंसुद्धा : अपेक्षाचे वजन – ९६० ग्रॅम.

"म्हणजे अपेक्षाचे बाबा सगळ्यांना कमी भाजी देतात!" केयूर म्हणाला. हुशार पोरगा. निष्कर्ष काढायला त्याला बाईंनीच शिकवलं होतं.

अपेक्षा उभी राहिली. ती रडत नव्हती. तिच्या दृष्टीने अजून काही झालंच नव्हतं. "बाई, पारडी बदला की," ती म्हणाली. "तुमचं हिकडं, माझं तिकडं. बाबा तसंच करतेत."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. बापाची बाजू घेते आहे बिचारी, त्यांना वाटलं. आता आणखी ताणलं तर तिचीच शोभा होणार. घंटेला अजून दहा मिनिटं होती.

"बस खाली, अपेक्षा," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी वह्या काढा. पान एकतीसवरच्या दहा ओळी सुवाच्य अक्षरात."

अपेक्षा खाली बसली. बाईंनी वजन फडक्यात गुंडाळून तिच्या बाकावर नेऊन ठेवलं आणि वर्गाला बजावलं की ही गोष्ट बाहेर बोलायची नाही. सात वर्षांच्या वीस पोरांना असं बजावणं म्हणजे दवंडी पिटायला सांगणंच.

केयूरची आई कंपनीच्या बसने सकाळी सातला हिंजवडीला जायची ती दिवेलागणीनंतर यायची, त्यामुळे केयूरचा दिवसभराचा अहवाल आजोबांकडे सादर व्हायचा. आजोबा म्हणजे आप्पासाहेब, सोसायटीचे सेक्रेटरी. सरकारी नोकरीतून निवृत्त झाले तरी परिपत्रकं काढायची त्यांची हौस निवृत्त झाली नव्हती. तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या फाटकावर रंगवलेली पाटी लागली :

"भाजीविक्रेत्यांस सूचना. एक किलो म्हणजे एक हजार ग्रॅम, हे ज्यांना मान्य नाही त्यांनी येथे आरोळी ठोकून स्वतःचा घसा व आमची झोप खराब करू नये. हुकमावरून."

पेठ हसली. पाटीवर नाव कोणाचंच नव्हतं, पण कोण ते सगळ्यांना कळलं. शेजारच्या इमारतीतल्या बायकांनी वैजनाथला हाक मारणं बंद केलं. एकीने त्याला तोंडावर विचारलं, "आज किती ग्रॅमचा किलो?" परचुरे बाई त्याच्याकडून भाजी घेत राहिल्या, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की आपण त्याच्या तराजूकडे डोळे बारीक करून बघतो आहोत. मग त्या मंडईत जायला लागल्या. मंडई लांब पडते, पण तिथे कोणाची मुलगी आपल्या वर्गात नसते.

शुक्रवारी शाळा सुटताना वैजनाथ फाटकाशी उभा होता. अपेक्षाला त्याने लांब, गाडीपाशी थांबवलं होतं.

"बाई, एक विचारायचं होतं. माझं वजन कमी भरलं म्हणं शाळंत."

"हो. चाळीस ग्रॅम."

"शिक्क्याचं हाय बाई ते. मुदत झाली की तपासून आणतो मी. एकदा पारडी बदलून बघितली असती तर..."

बाई दिवसभराच्या दमल्या होत्या आणि आजूबाजूला पालक थांबून ऐकत होते. "वैजनाथ, मी तुम्हाला चोर म्हटलेलं नाही," त्या म्हणाल्या. "वजन झिजतं. मी फक्त मोजलं. शाळेचा तराजू खोटं बोलत नाही."

वैजनाथने मान हलवली. "न्हाई बोलणार," तो म्हणाला. "शाळंचा हाय." ते त्याने टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, टोमणे मारायला तो पुण्यात जन्मला नव्हता.

सोमवारी अपेक्षा आली नाही. मंगळवारीही नाही. आठवड्याभरात कोपऱ्यावरची गाडीही दिसेनाशी झाली. एकवीसचा पट वीस झाला, काठावर राहिला, तुकडी वाचली. येईल, बाई स्वतःला सांगत राहिल्या. गावाला गेले असतील. हजेरी घेताना त्या तिचं नाव घ्यायच्या, थोडं थांबायच्या आणि पुढे जायच्या. आपण काही चूक केली असं त्यांना वाटत नव्हतं. आपल्यामुळे काहीतरी वाईट झालं एवढंच वाटत होतं. या दोन्हींत फरक आहे, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती.

संक्रांतीनंतरची गोष्ट. मधल्या सुट्टीत केयूर आणि आणखी दोघं-तिघं तराजूशी खेळत होते. खडूंची नवी कोरी खोकी आली होती. त्यातली चार-चार त्यांनी दोन्ही पारड्यांत रचली होती.

"बाई, हे खडू लबाड आहेत," केयूर ओरडला. "खोकी सारखी, नवीन, सील न फोडलेली. तरी हे पारडं वर!"

बाई वह्या तपासत होत्या. त्यांनी मान वर केली. वर गेलेलं पारडं खिडकीकडचं होतं. त्या दिवशी अपेक्षाचं वजन ठेवलं होतं तेच.

त्या उठल्या. त्यांनी खिडकीकडची खोकी काढली, दाराकडच्या पारड्यात ठेवली. दाराकडची खिडकीकडे ठेवली. हात सोडला. पुन्हा खिडकीकडचंच पारडं वर. मग त्यांनी शाळेची दोन अर्ध्या किलोंची वजनं घेतली. पुन्हा खिडकीकडचंच वर. मग पारडी रिकामी केली. काटा मधोमध, निर्लज्जासारखा मधोमध.

बाईंनी तराजू खुंटीवरून काढला आणि पालथा केला. खिडकीकडच्या पारड्याखाली तारेने बांधलेला शिशाचा एक तुकडा होता. पासंग. मग त्यांनी पट्टी लावून दांडी मोजली. तुटलेलं टोक कारागिराने घासून टाकलं होतं आणि कडीसाठी नवं भोक जरा आत पाडलं होतं. एक बाजू वीस सेंटिमीटर, दुसरी एकोणीसला जेमतेम दोन रेघा वर. आखूड बाजू रिकामी असताना वर जायला लागली म्हणून त्याने खाली शिसं बांधून काटा मधोमध आणून दिला होता. रिकामा असताना तराजू खराच होता. भार टाकला की खोटा. आणि ते ओळखायची जगात एकच साधी युक्ती होती, पारडी बदलून बघायची. ती वर्गातल्या एका मुलीला माहीत होती आणि तिने ती सांगितली होती.

"बाई, काय झालं?" केयूरने विचारलं.

"तराजू चुकीचा आहे," बाई म्हणाल्या. "अपेक्षाच्या बाबांचं वजन बरोबर होतं. चुकलं माझं."

पोरांनी ते चटकन मान्य केलं. पोरांचं बरं असतं. "मग बोलवा ना तिला परत," एकजण म्हणाला.

त्याच संध्याकाळी बाई आप्पासाहेबांकडे गेल्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चहाचं विचारलं नाही.

"म्हणजे आपला तराजू खोटा होता," आप्पासाहेब म्हणाले. "आणि शिकवता काय, वजनं."

"हो. माझीच चूक. म्हणून म्हणते, ती पाटी काढा."

"पाटीवर काय चूक आहे? किलो म्हणजे हजार ग्रॅम नव्हेत का?"

"सगळ्या पेठेला माहीत आहे ती कोणाला उद्देशून आहे."

"पेठेला जे माहीत आहे ते पेठेच्या डोक्यात आहे. माझ्या पाटीवर कोणाचं नाव नाही." ते चष्मा पुसू लागले. "शिवाय आता इलेक्ट्रॉनिक काटेवाला एकजण यायला लागलाय. आकडे दिसतात. आपल्याला कोणावर विश्वास ठेवायला लागत नाही. सोयीचं आहे."

बाई जिना उतरून खाली आल्या. पाटी पक्क्या ऑइलपेंटने रंगवलेली होती. ती उपटून टाकावी असं त्यांना फार वाटलं आणि त्यांनी उपटली नाही.

रविवारी त्या कात्रजला गेल्या. शाळेच्या नोंदवहीत पत्ता होता : डेअरीच्या पाठीमागे, पत्र्याच्या खोल्या. खांद्याला कापडी पिशवीत तराजू, त्यात शाळेचं किलोचं वजन. बसमध्ये कंडक्टरने विचारलंसुद्धा, "बाई, दुकान टाकलं काय?" तीन ठिकाणी विचारल्यावर खोली सापडली. कौशल्या दारात कपडे पिळत होती. बाईंना बघून ती गडबडली, ओला हात पदराला पुसून आत ओरडली, "आवो, बाई आल्यात!"

वैजनाथ उठून उभा राहिला. वाळला होता. हातांना सिमेंटच्या चिरा पडल्या होत्या. हिंजवडीला काचेची मोठी इमारत उठते आहे, तिथे माल चढवायला जातो, असं त्याने सांगितलं. गाडी भाड्याची होती, ती परत केली. अपेक्षा कोपऱ्यात धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बसली होती. तिने बाईंकडे पाहिलं, हसली नाही, तोंडही फिरवलं नाही.

"हितल्या शाळंत घातली का हिला?" बाई घाईत त्यांच्याच बोलीत बोलून गेल्या.

"जूनमधी बघू," कौशल्या म्हणाली. "आता वर्साच्या मधीच कोण घेतंय?"

मी घेते, असं बाईंच्या ओठांवर आलं. पण सकाळी वडिलांबरोबर पेठेत येणं आणि दुपारी वडिलांबरोबर परत जाणं, याच्यावर तिची शाळा उभी होती. आता वडील पहाटे हिंजवडीला जात होते. सात वर्षांच्या पोरीने एकटीने दोन बस बदलून यावं, असं सांगायला तोंड कुठलं आणणार?

बाईंनी तराजू काढला, दाराच्या कडीला टांगला आणि त्या सांगायला लागल्या. दांडी दाखवली, भोक दाखवलं, पासंग दाखवला. "तुमचं वजन आणा वैजनाथ," त्या म्हणाल्या. "तुमच्यासमोर पारडी बदलून दाखवते."

वैजनाथने फळीखालून वजन काढलं. तेच सहाकोनी काळं वजन, पण आता त्याच्या माथ्यावरच्या कडीला तारेने एक गंजका नट बांधलेला होता.

"हे काय?"

"चाळीस गिरामचा हाय," वैजनाथ म्हणाला. "हितं कात्रजला महिनाभर धंदा करून बघितला, तवा बांधला."

"अहो, पण दुसरीकडे कुठे तपासून नाही का बघितलंत?"

"बघितलं की. किराणावाल्याच्या काट्यावर बरुबर भरलं. पर म्हणलं, दुकानाचा काटा खोटा असू शकतो. शाळंचा कसा असंल?" तो थोडा हसला. "आन् हीबी म्हणली, बाईंनी फळ्यावर लिवलंय. मग बांधला नट. त्यो बघून गिऱ्हाइकं बिचकायला लागली. वजनाला काहीबाही बांधल्यालं दिसल्यावर कोण घेतंय भाजी?"

म्हणजे महिनाभर हा माणूस प्रत्येक किलोमागे चाळीस ग्रॅम जास्त देत होता आणि लोक त्याला लबाड समजत होते. त्याहून वाईट म्हणजे इतकी वर्षं आपण नकळत लोकांना लुबाडलं, असं तो स्वतः समजत होता. बाईंना काही दिसेना. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला, पण ते पाणी चष्म्यावर नव्हतं.

नट सोडून त्यांनी वजन पारड्यात ठेवलं. इकडून वर. बदललं, शाळेचं वर. पुन्हा बदललं. वैजनाथ खाली बसून एकटक बघत होता. चौथ्यांदा बदलल्यावर त्याने लांब श्वास सोडला. "म्हंजी मी खरा होतो," तो म्हणाला, आणि कौशल्याकडे बघितलं. कौशल्याने डोळ्यांना पदर लावला. मग तिने चहा टाकला, कपबशांतला बरा कप बाईंना दिला. त्या घरात कोणी बाईंना एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बाईंना तो चहा गिळता आला असता.

"अपेक्षा," बाई म्हणाल्या, "तुला काही विचारायचंय का मला?"

वर्गात प्रत्येक धड्याच्या शेवटी त्या हेच विचारायच्या. अपेक्षाने भावाला खाली ठेवलं आणि वर्गात राहायची तशी हात सरळ करून उभी राहिली.

"बाई, तवाच का नाही बदललं? मी सांगितलं होतं की."

सव्वीस वर्षांत पोरांच्या एकाही प्रश्नाला बाईंनी थाप मारली नव्हती. येत नसेल तर "उद्या बघून सांगते" म्हणायच्या आणि उद्या सांगायच्या.

"घंटा झाली होती गं," त्या म्हणाल्या.

अपेक्षाने जरा आठवून बघितलं.

"नव्हती झाली, बाई. तुम्ही आम्हाला दहा ओळी लिवायला लावल्या. पान एकतीस. घंटा मग झाली."

"ए, बाईंना उलट बोलू नगं," वैजनाथ तिच्यावर डाफरला. "बाई म्हणतेत तर झाली असंल घंटा. बस खाली."

अपेक्षा खाली बसली. बाईंच्या हातात कप होता, आणि "नव्हती झाली" एवढे दोन शब्द त्यांच्या तोंडून तेव्हाही निघाले नाहीत.